अजिंठ्याला गाईड घ्यावा का? माझा अनुभव

घ्याच. आधी दोनदा गेलेय पण तेव्हा फक्त १ नंबरमधलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं प्रसिद्ध चित्र बघून परत आले होते, यावेळी गाईडकाकांनी सुरुवातच थेट १० नंबरच्या लेणीपासून केली आणि तिथेच पैसे वसूल झाले. ही सातवाहन काळातली, म्हणजे २००० वर्षांपूर्वीची चित्रं, छद्दंत हत्तीची गोष्ट (बुद्धाच्या आधीच्या एका जन्माची जातककथा) आडव्या पट्टीत एकापुढे एक सांगितलीय, रंग मोजकेच, गेरू, पिवळा, हिरवा, काळा, पांढरा. निजामाच्या काळात लावलेल्या वार्निशमुळे ती काळवंडलीत, बघून जीव तुटतो खरंच. त्याच लेणीतल्या खांबांवर ५व्या शतकात रंगवलेले बुद्ध आहेत त्यामुळे दोन काळांतला फरक जागेवरच कळतो.

मग १७ नंबर. वाकाटक राजांचा काळ, म्हणजे ५वं शतक, पट्टी गायब, सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट अख्ख्या भिंतीभर पसरलीय, प्रसंग वेळेच्या क्रमाने नाही तर जागेप्रमाणे मांडलेत, राजवाडा एकीकडे रान एकीकडे, आपणच शोधत फिरायचं. अंगाला उजळ-गडद छटा देऊन गोलाई आणलीय, आणि तो निळा रंग, लापिस लाझुली या निळ्या दगडापासूनचा, १० नंबरमधल्या जुन्या चित्रांत तो नाहीच. गाईडकाकांनी हे सगळं न घाई करता दाखवलं, नाकावरचा पांढरा हायलाईट सुद्धा.

एकच तक्रार, ग्रुप मोठा होता त्यामुळे १६ नंबरमधलं मरणासन्न राजकन्येचं चित्र नीट बघताच आलं नाही, मागून नुसती डोकी दिसत होती. शक्यतो छोट्या ग्रुपमधे जा, सकाळी लवकर. ५ पैकी ४ स्टार.