हापूस लावावा की रत्ना? दोन एकर कोकणी जमिनीचा हिशेब

कोकणात दोन एकर जमीन साफ करून झाली, की पुढचा प्रश्न असतो कलमे किती आणायची. कुठल्या जातीची, असे फारसे कोणी विचारतच नाही, कारण हापूस गृहीत धरलेला असतो. पण आंब्याचे कलम एकदा लावले की ते तुमच्या मुलांच्या हयातीतही उभे राहणार. म्हणून खड्डे मारण्याआधी वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून आलेल्या रत्नाला हापूसच्या शेजारी ठेवून बघा, एवढेच माझे मागणे आहे.

हापूसची बाजू भक्कम आहे. वास, पातळ साल, रेषा नसलेला केशरी गर याबाबतीत त्याच्या जवळपास जाणारे फळ मला माहीत नाही. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि लगतच्या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकनही मिळाले. पहिली पेटी वाशीच्या घाऊक बाजारात पोहोचली, की व्यापारी जात विचारत नाही, फळाचा आकार विचारतो. हे नाव पिढ्यानपिढ्यांच्या कष्टाने झाले आहे आणि लावणाऱ्याला ते आयते मिळते.

त्याची दुखणी दोन. एक, तो वर्षाआड धरतो. यंदा फांद्या वाकल्या की पुढल्या वर्षी झाड नुसती पालवी काढते. दुसरे दुखणे साक्याचे. वरून फळ देखणे, देठाशी घमघमाट, आणि सुरी घातली की कोयीभोवतीचा गर पांढुरका, स्पंजासारखा, आंबट. बाहेरून ते कळायला मार्ग नाही. मी स्वतः निवडून दिलेल्या एका डझनात तीन फळे अशी निघाली होती. ज्यांच्या घरी ती कापली गेली त्यांनी तक्रार केली नाही, पण पुढल्या वर्षी फोनही केला नाही. थेट घरपोच विकणाऱ्याला साका असा महागात पडतो.

हा साका का होतो, यावर बेंगळूरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत बरेच काम झाले आहे. फळ झाडावर तयार होत असतानाच आतली कोय रुजायच्या तयारीला लागते आणि त्यासाठी भोवतालच्या गरातून पाणी आणि अन्नरस ओढून घेते, असे त्यातून दिसले. म्हणूनच फळ झाडावर जास्त पिकू देऊ नये. चौदा आणे, म्हणजे पूर्ण तयार होण्याच्या थोडे आधी, देठासकट उतरवावे (दापोली विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे फळे काढायची जाळी, त्यासाठीच आहे) आणि तापलेल्या कातळावर क्षणभरही ठेवू नये. एवढे करून साका कमी होतो, संपत नाही.

रत्नाला हे दुखणे नाही. वेंगुर्ल्याला नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१ साली ही जात प्रसारित झाली. नीलम दक्षिणेतला, दरवर्षी न चुकता धरणारा. त्याचा तो गुण आणि हापूसचा गर एका झाडात आणायचा, हा हेतू. ऐकायला सोपे वाटते. पण मोहराच्या एका तुऱ्यात शेकडो फुले, त्यातली बहुतेक नराची. हाताने परागीकरण केलेल्यांपैकी फळे टिकणार बोटांवर मोजण्याइतकी. मग त्या कोयी रुजवायच्या, रोप फळाला येईपर्यंत वर्षानुवर्षे थांबायचे, आणि त्यातले बहुतेक काढून टाकायचे. रत्नाचे झाड बघताना मला ही चिकाटी आठवते.

रत्ना लवकर फळाला येतो आणि दरवर्षी धरतो. त्याचे फळ हापूसपेक्षा मोठे, गर घट्ट, गडद आणि बिनरेषांचा. दोन्ही फळे शेजारी ठेवून कापा. रंगात रत्ना मागे नाही, गोडीतही नाही. वासात मात्र हापूस पुढे, आणि ते मान्य करायलाच हवे. खरी अडचण बाजारात आहे. घाऊक बाजारात रत्नाला नाव नाही. पेटीवर रत्ना लिहिले की भाव उतरतो, आणि हापूस लिहिले तर ती फसवणूक. ज्याची स्वतःची गिऱ्हाइके आहेत त्याने एकदा चव दाखवली की काम होते. ज्याचा माल दलालाकडे जाणार त्याचे होत नाही.

आता कोणी म्हणेल, हापूसच्या वर्षाआड धरण्यावर कल्टार हे औषध आहे की. आहे, आणि दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ते कसे वापरायचे हे नीट घालून दिले आहे. कल्टारमधले पॅक्लोब्युट्राझोल झाडातल्या जिबरेलिनला, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाला, आवर घालते, वाढ थबकते आणि झाड मोहराकडे वळते. मात्रा झाडाच्या विस्तारावर ठरते: दर मीटर व्यासाला ३ मिलि. म्हणजे पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर मापून सरासरी ६ मीटर आली तर १८ मिलि. १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, पावसाची उघडीप बघून, बुंध्याभोवती विस्ताराच्या निम्म्या अंतरावर १०-१२ सेंमी खोल भोके पाडून ते पाण्यातून ओतायचे. झाड दहा वर्षांपुढचे आणि निरोगी हवे, शेणखत-खते पूर्ण दिलेली हवीत.

आणि इथेच घोळ होतो. बाग कराराने दिली की घेणाऱ्याला यंदाचे पीक हवे असते, झाड तुमचे असते. दुप्पट मात्रा ओतली तर फांद्या आखूड होतात, पालवी गुच्छासारखी येते, झाड झिजते. अशी बाग मी पाहिली आहे. भर वयात म्हातारी झालेली कलमे बघवत नाहीत. करार करणार असाल तर कल्टारची मात्रा कागदावर लिहून घ्या आणि ओतण्याच्या दिवशी स्वतः हजर राहा. शिवाय थंडी लांबली की पुनर्मोहर येतो आणि आधी धरलेली कैरी गळते, त्यावर ५० पीपीएम जिबरेलिक आम्लाची फवारणी करावी लागते. पावसाळ्यात जे रोखले तेच हिवाळ्यात वरून द्यायचे! हापूस सांभाळायचा तर असे लक्ष हवे. तुडतुडे, भुरी, फुलकिडे यांच्या फवारण्या दोन्ही जातींना आहेतच, त्यात रत्नाला सूट नाही.

या सगळ्यात एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. हापूसला हापूसचाच पराग फारसा चालत नाही. नुसत्या हापूसच्या बागेत मोहर भरघोस येऊनही फळे कमी टिकतात, त्याचे हे एक मोठे कारण. म्हणून बागेत निदान दहा टक्के झाडे दुसऱ्या जातीची ठेवावीत, आणि ती रत्नाची किंवा केसरची असली तर फळही हाती येते. म्हणजे मन हापूसकडे झुकले असेल तरी थोडा रत्ना लागतोच.

सिंधूबद्दल विचारणारे असतात. ती रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्यालाच झालेली, कोय अगदी पातळ. घरापाशी दोन झाडे हौसेने लावा. केसर मूळचा गुजरातचा, पण घाटमाथ्यापलीकडे, मराठवाड्यात रुळलेला गडी. जमीन तिकडे असेल तर हापूसचा नाद सोडून सरळ केसर लावा.

दहा बाय दहा मीटरवर दोन एकरांत साधारण ८० कलमे बसतात. तुम्ही गावात राहणार असाल आणि माल बाजारात पाठवणार असाल, तर मी ६५ हापूस, १० रत्ना, ५ केसर लावीन. मुंबई-पुण्यात ओळखीची गिऱ्हाइके असतील तर ४० हापूस, ३५ रत्ना, ५ केसर. हापूस रुसला त्या वर्षी रत्ना घर चालवतो. फक्त मे महिन्यात गावी येणार आणि बाग कराराने देणार असाल तर हापूसच जास्त ठेवा, कारण बोली त्याच्यावरच लागते. पण रत्नाची दहा कलमे हापूसच्या ओळींमध्ये विखरून लावा, कडेला एकत्र नकोत. मधमाश्या-माश्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर जायला ती जवळ हवीत. कलमे विद्यापीठाच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्या आणि जातीची चिठ्ठी प्रत्येक पिशवीवर तपासा. चूक कळते ती पहिले फळ आल्यावर, आणि तोवर पाच-सहा पावसाळे गेलेले असतात.