शेवटचे गाणे आणि पिनेचा दाब : टर्नटेबलच्या वापराचे नऊ महिने

गेल्या दसऱ्याला घेतलेल्या या टर्नटेबलबद्दल, म्हणजे रेकॉर्ड वाजवण्याच्या यंत्राबद्दल, मी फेब्रुवारीत लिहायला बसलो असतो, तर ‘घेऊ नका’ एवढे दोन शब्द लिहून उठलो असतो. आता आषाढ लागला आहे आणि माझे मत बरेच बदलले आहे, पूर्ण मात्र बदललेले नाही. बेल्टवर चालणारा, आतच प्रीॲम्प (पिनेकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा भाग) असलेला, पंधरा हजारांच्या आसपासचा टर्नटेबल कसा असतो हे वाचकांना ठाऊक असल्याने तो तपशील येथे देत नाही. कंपनीचे नावही मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातील निम्मा दोष माझाच निघाला. मला लिहायचे आहे ते एकाच गोष्टीबद्दल : रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूचे शेवटचे गाणे हे यंत्र कसे वाजवते.

एवढ्याशा गोष्टीचा इतका बाऊ का, असे कोणी विचारेल. माझ्याकडे चाळीसेक रेकॉर्ड आहेत आणि त्यातील बहुतेक स्वतः लिहून, स्वतः चाल बांधून, स्वतःच गाणाऱ्यांच्या आहेत. आपल्या शास्त्रात अशा माणसाला वाग्गेयकार म्हणतात. आमच्या जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक होऊन गेल्यामुळे, लिहिणारा आणि गाणारा एकच असला की शब्दाला कशी धार येते, हे नाशिककराला वेगळे समजावावे लागत नाही. बॉब डिलन, जोनी मिचेल, लेनर्ड कोहेन, नील यंग, निक ड्रेक ही माझी आवडती मंडळी, आणि ही मंडळी मनातले सर्वांत जड गाणे बहुधा शेवटाला ठेवतात. डिलनच्या ‘हायवे 61 रिव्हिजिटेड’ (1965) या सगळ्या गोंगाटी रॉक अल्बमच्या अखेरीस ‘डेझोलेशन रो’ हे अकरा मिनिटांहून मोठे, मुख्यतः गिटारींच्या साथीचे गाणे येते. मिचेलच्या ‘ब्लू’चा (1971) शेवट ‘द लास्ट टाइम आय सॉ रिचर्ड’ने, म्हणजे पियानो आणि एकट्या आवाजाने होतो. नेमकी हीच गाणी माझ्याकडे फाटून येत होती. पहिली तीन गाणी स्वच्छ, चौथ्यापासून ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे फुटायला लागायचे आणि शेवटी बाई गाते आहे की प्रेशर कुकर, असा प्रश्न पडायचा.

याचे कारण रेकॉर्डच्या रचनेतच आहे. रेकॉर्ड मिनिटाला 33⅓ फेरे घेते, मग पिन कुठेही असो. त्यामुळे बाहेरच्या कडेला पिनेखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटीमीटर खाच सरकते, तर लेबलाजवळ जेमतेम 21. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, आणि पिनेचे टोक साधे गोल असेल किंवा ती किंचित तिरकी बसली असेल, तर त्या दाटीत ती चुकते. ‘डेझोलेशन रो’ ज्या बाजूवर आहे ती सुमारे 26 मिनिटांची असल्याने खाच लेबलाला अगदी भिडते. माझ्याकडची ‘पिंक मून’ (1972) मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत स्वच्छ वाजत होती, आणि याचे श्रेय मी बरेच दिवस निक ड्रेकच्या हळू आवाजाला देत होतो. खरे कारण असे की तो अख्खा अल्बम अठ्ठावीस मिनिटांचा आहे. माझ्या प्रतीवर शेवटचे ‘फ्रॉम द मॉर्निंग’ संपते तेव्हा पिनेपुढे दोन बोटे कोरी जागा शिल्लक असते. दोन रात्रींत, एक आवाज आणि एक गिटार, मध्ये फक्त एका गाण्यात थोडासा पियानो, एवढ्यावर त्याने हे काम संपवले आणि सव्वीस वर्षांचा असताना 1974 मध्ये तो गेला. त्या शेवटच्या गाण्यातील एक ओळ त्याच्या समाधीशिळेवर कोरलेली आहे. ते गाणे तरी या यंत्राने मला नीट ऐकवले, एवढे उपकार मी तेव्हाही मानत होतो.

यंत्राला दोष देताना आणखी एक घोळ झाला. ‘साँग्ज ऑफ लेनर्ड कोहेन’च्या (1967) शेवटच्या गाण्यात कोहेन अखेरीस शब्द सोडून देतो आणि चक्क बेसूर ओरडतो. ते तसेच आहे, तसेच हवे आहे. पण माझ्याकडे ते ओरडणे मधेच गचकन थांबायचे, कारण आपोआप बंद होण्याची सोय लेबलाजवळ पिन जराशी लवकर पोहोचली की थाळीच थांबवते. तळाशी एक बारीक बटण आहे, ते बंद केले की प्रश्न मिटतो, हे मला चौथ्या महिन्यात कळले. पुस्तिकेत ते छापलेले होते. त्याचप्रमाणे ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘नेब्रास्का’वर (1982) कोणीही यंत्राची परीक्षा घेऊ नये. तो अल्बम त्याने घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर ध्वनिमुद्रित केला आणि तीच कॅसेट पुढे रेकॉर्ड झाली. त्यातील खरखर ही त्या घरातील खरखर आहे.

जानेवारीत मी टर्नटेबल मुंबईच्या अधिकृत सेवा केंद्राकडे पाठवला. तेवीस दिवसांनी तो परत आला तेव्हा पिन बदललेली होती, 1,800 रुपयांचे बिल होते, कुरियरचे 640 वेगळे, आणि फरक शून्य होता. फोन केल्यावर उत्तर मिळाले, “सर, तुमच्या रेकॉर्डच खराब आहेत.” एकेक रेकॉर्ड अडीच-तीन हजारांना घेणाऱ्या माणसाला हे वाक्य कसे लागते, ते येथे लिहीत नाही. पुढचे दोन महिने मी यंत्रावर फडके टाकून ठेवले आणि घरी कोणी विषय काढला की बोलणे दुसरीकडे वळवत राहिलो.

फडके निघाले ते सराफ बाजारात. तेथे माझ्या शाळेतील मित्राचे दुकान आहे आणि त्याच्याकडे ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशात मावेल असा काटा आहे. पिनेचा रेकॉर्डवर पडणारा दाब मोजायला असाच काटा लागतो, एवढे वाचून गेलो होतो. त्याने विचारले, “काय तोलायचंय?” मी म्हटले, “हिरा.” पिनेचे टोक खरोखरच हिऱ्याचे असते, त्यामुळे हे खोटे नव्हते. सगळी हकीकत ऐकून तो म्हणाला, “घेऊन जा, पण चहा पाजल्याशिवाय परत आणू नकोस.”

घरी काटा थाळीवर ठेवून पिन त्यावर टेकवली, तर आकडा आला 1.2 ग्रॅम. पुस्तिकेत 1.8 ते 2.2 सांगितले आहे. आर्मच्या, म्हणजे पिन धरणाऱ्या दांडीच्या, मागच्या वजनावरील खूण मी 1.5 वर ठेवली होती, आणि तीही हेतुपुरस्सर : दाब कमी म्हणजे झीज कमी, आणि झीज कमी म्हणजे तीन हजारांची रेकॉर्ड जास्त दिवस टिकणार, असा माझा हिशेब होता. खूण स्वतःच 0.3 ग्रॅमने चुकीची होती, हा कंपनीचा दोष; पण ती खाली आणली होती माझ्या काटकसरीने. शिवाय हिशेबच उलटा होता. हलकी पिन खाचेत नीट बसत नाही, भिंतींवर आपटत जाते आणि दाट जागी खाचच ओरबाडते. म्हणजे सेवा केंद्राचे ते वाक्य पूर्ण खोटे नव्हते. अर्थात त्यांनी तेवीस दिवसांत एकदा काटा लावला असता, तर माझे 1,800 वाचले असते. ज्याचे काम दुरुस्तीचे आहे त्याच्याकडे सोनाराइतका तरी काटा असावा, असे माझे आजही मत आहे.

दाब 2.0 वर आणल्यावर निम्मा त्रास गेला. उरलेल्यासाठी पिनेचा कोन तपासायचा कागदी तक्ता लागतो. तो इंटरनेटवर फुकट मिळतो आणि त्यावर थाळीच्या केंद्रापासून 66 आणि 120.9 मिलिमीटरवर दोन खुणा असतात. दोन्ही ठिकाणी पिन रेषेला समांतर उभी राहिली पाहिजे. कॉलेज रोडवरील एका झेरॉक्सवाल्याकडून तो छापून आणला आणि पूर्ण रविवार त्यावर घालवला, तरी काही जुळेना. शेवटी शंका येऊन पट्टी लावली, तेव्हा तक्त्यावरील 100 मिलिमीटरची रेघ 97 भरली. छपाईयंत्राने कागदात बसवण्यासाठी आकार कमी केला होता. दुसऱ्यांदा ‘आहे त्याच मापात द्या’ असे बजावून छापून घेतला, पाच रुपये आणखी गेले. मग दिसले की कारखान्यातूनच कार्ट्रिज (पिन जिच्यात बसते ती डबी) तीन मिलिमीटर मागे आणि जराशी वाकडी बसवलेली होती. दोन स्क्रू, एक बारीक पेचकस, वीस मिनिटे.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा नील यंगचा ‘हार्वेस्ट’ (1972) लावला. त्यातील शेवटून दुसरे गाणे ‘द नीडल अँड द डॅमेज डन’ (ही सुई इंजेक्शनची, हे वेगळे सांगायला नको, पण माझ्या घरी त्या नावावरून विनोद व्हायचा तो झालाच). ते 1971 च्या एका कार्यक्रमातील ध्वनिमुद्रण आहे आणि त्याच्या टाळ्या मध्येच कापून थेट शेवटचे गाणे सुरू होते. इतके दिवस त्या टाळ्या तव्यावर तडतडणाऱ्या मोहरीसारख्या येत होत्या. त्या दिवशी मला तळहात ऐकू आले. नंतर ‘ब्लू’ लावला आणि रिचर्डच्या गाण्यापर्यंत कोणी कोणाशी बोलले नाही. डिलनच्या ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ची (1975) दुसरी बाजूही सव्वीस मिनिटांची आहे, पण तिच्या शेवटचे ‘बकेट्स ऑफ रेन’ आता जवळजवळ निर्दोष येते. जवळजवळ म्हणतो, कारण पिन साधीच आहे. लंबगोल टोकाची घेतली तर आणखी सुधारेल, पण ती साडेचार हजारांना आहे आणि सध्या ते होणे नाही.

‘डेझोलेशन रो’ मात्र सुटले नाही. सर्वांत जास्त वाजवलेली रेकॉर्ड तीच असल्याने त्या खाचेचे जे व्हायचे ते होऊन गेले आहे. शेवटची दोन-तीन मिनिटे, हार्मोनिका येते तेथे, आवाज अजूनही फाटतो आणि तो कायम तसाच राहणार.

बाकी : बेल्ट अजून ताठ आहे, वेग स्थिर आहे, पावसाळ्यात भिंतीच्या ओलीमुळे झाकणाला आतून दमट वास येतो म्हणून ते दिवसा उघडे ठेवतो. वीज गेली तर आर्म हाताने उचलावा लागतो, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. सराफाचा काटा परत केला, चहा पाजला. सेवा केंद्राने काढलेली जुनी पिन मी भांडून परत मागून घेतली होती. तिला काहीच झालेले नव्हते. ती कुंकवाच्या डबीत कापसावर ठेवली आहे. सध्याची झिजली की तीच लावणार आहे.