वासा म्युझियम, स्टॉकहोम: आधी भाऊबंदकी, मग जहाज

वासा म्युझियम तासाभरात उरकणारे पुष्कळ दिसतात. आत शिरलं की १६२८ मध्ये पहिल्याच प्रवासात बुडालेलं ६९ मीटर लांबीचं लाकडी लढाऊ जहाज अंगावर येतं, चार फोटो निघतात, फिल्म बघून होते आणि मंडळी कॅफेत. पण हे जहाज कुणाविरुद्ध बांधलं ते ठाऊक नसेल, तर त्यावरची शेकडो शिल्पं नुसती नक्षी वाटतात.

भांडण घरातलंच होतं. जहाज बांधून घेणारा स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ लुथरपंथी प्रोटेस्टंट, पोलंडचा राजा सिगिस्मुंड कॅथलिक, आणि दोघे वासा घराण्यातले चुलत भाऊ. १५९२ मध्ये वडील गेल्यावर सिगिस्मुंडकडे स्वीडनची गादीही आली. कॅथलिक राजा नको ही ओरड त्याच्या काकांच्या, म्हणजे गुस्तावच्या वडिलांच्या, पथ्यावर पडली. १५९९ मध्ये सिगिस्मुंडला पदच्युत केलं आणि पुढे काका गादीवर बसले. सिगिस्मुंडने हक्क काही सोडला नाही. धर्माच्या झेंड्याखाली ही भाऊबंदकी पुढच्या पिढीत गेली, आणि ज्या घराण्यावरून भांडण त्याच घराण्याचं नाव जहाजाला पडलं.

म्हणून पिछाडीपासून सुरुवात करा, आणि वरच्या मजल्यावर जाऊन बघा. सगळ्यात वर लांब केसांचा कोवळा गुस्ताव आहे, दोन ग्रिफिन (गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेले काल्पनिक प्राणी) त्याच्या डोक्यावर मुकुट धरून आहेत. त्याखाली राजचिन्ह, आणि आणखी खाली वासा घराण्याची खूण, धान्याची पेंढी. वरून खाली वाचलं की गादी कुणाची ते जहाजच सांगतं. बाजूच्या सज्जावर बायबलमधल्या गिदोनचे योद्धे आहेत. मूठभर माणसांनी मोठ्या फौजेला पळवून लावल्याची ती गोष्ट, छोट्या स्वीडनला सोयीची. आज सगळं काळपट तपकिरी दिसतं. मुळात ते भडक रंगवलेलं होतं, त्यामुळे शेजारचं १:१० मापाचं रंगीत मॉडेल आधी बघून घ्या. छोटी दुर्बीण असेल तर न्याच.

नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, वीस रोमन सम्राट ओळीने उभे आहेत. टायबेरियसपासून सुरुवात होते, त्याच्या आधीचा ऑगस्टस नाही. कारण ती जागा गुस्तावची! लॅटिनमध्ये ‘गुस्तावुस’ची अक्षरं फिरवली की ‘ऑगस्टस’ होतं. तिथेच नांगराच्या तुळईजवळ बाकाखाली दबून बसलेला पोलिश सरदार शोधा. पोलंडमध्ये अब्रू घालवायची शिक्षा म्हणून सरदाराला टेबलाखाली शिरून कुत्र्यासारखं भुंकायला लावत, तो टोमणा इथे लाकडात कोरलाय. बहुतेक लोक त्याच्यासमोरून सरळ पुढे जातात.

बुडण्याचा भाग म्युझियमने उत्तम मांडलाय. १० ऑगस्ट १६२८, पहिलाच प्रवास, जेमतेम १३०० मीटर, आणि वाऱ्याच्या झोतात जहाज आडवं. सलामीसाठी उघडलेल्या खालच्या तोफखिडक्यांतून पाणी आत आलं. ६४ तोफांचा दोष सगळे सांगतात, पण वरच्या मजल्यांचं लाकूडकामच फार जड होतं. तोल राखायला तळाशी १२० टन दगड होते; आणखी भरले असते तर खिडक्या पाण्याला टेकल्या असत्या. निघण्याआधी बंदरात तोल तपासायला तीस माणसं या काठावरून त्या काठावर पळवली, तिसऱ्या फेरीनंतर अॅडमिरलने थांबवलं, नाहीतर तिथेच उलटलं असतं. जहाजात सापडलेल्या मोजपट्ट्याही दोन जातींच्या: स्वीडिश फूट बारा इंचांचा, ॲमस्टरडॅमचा अकरा, म्हणजे सुतारांची मापंच वेगळी. चौकशी झाली, शिक्षा कुणालाच नाही.

उणिवा आहेत. जहाजावर चढता येत नाही. तोफांच्या मजल्याची प्रतिकृती आहे, त्यावर समाधान मानायचं. उजेड मंद, फोटो दाणेदार येतात. उजेड लाकूड जपण्यासाठीच मंद ठेवलाय, त्याला इलाज नाही. १९६१ मध्ये वर काढल्यावर सतरा वर्षं त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल (लाकूड सुकून तडकू नये म्हणून वापरायचं रसायन) फवारत होते. आता खालचे आधार बदलण्याचं मोठं काम चालू आहे, त्यामुळे तळाकडचं दृश्य मोकळं मिळेलच असं नाही. माझी खरी तक्रार वेगळी: बुडण्याची गोष्ट कुठूनही पकडता येते, भावाभावांची मात्र तुकड्यातुकड्यांत विखुरलेली आहे.

ट्राम क्रमांक ७ जवळ सोडते. उन्हाळ्यात सकाळी दार उघडताच गाठा, दुपारी कठड्याशी जागा मिळत नाही. आत उन्हाळ्यातही २० अंशांच्या आसपास असतं, पातळ स्वेटर लागतो. अठरा वर्षांपर्यंत प्रवेश मोफत. अडीच तास धरा.

दुपार मोकळी असेल तर राजवाड्यातल्या शस्त्रागार संग्रहालयात जा. १६३२ मध्ये लुट्झेनच्या लढाईत गुस्ताव ज्यावर बसून पडला तो स्ट्राइफ नावाचा घोडा तिथे पेंढा भरून उभा आहे, आणि त्या दिवशीचे राजाचे कपडेही.