पायथनला बग कळवणं आणि दुरुस्त करणं: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

सुरुवात जतपासून झाली. सांगली जिल्ह्यातलं जत. मित्राच्या छापखान्यात स्थानिक इतिहासाचं एक पुस्तक आलं होतं, त्याला शेवटी गावांची सूची हवी होती म्हणजे कुठलं गाव कुठल्या पानावर ते, आणि हाताने करायचं तर दोन माणसं आठवडाभर बसली असती, म्हणून मी फुशारकीत म्हटलं दे फाईल इकडे, पायथनमध्ये (ही प्रोग्रॅमिंगची भाषा) अर्ध्या तासात काढून देतो. अर्ध्या तासात निघालीसुद्धा. सूचीत जत होतं, नगर होतं आणि बाकी सगळा भुगा. मिरज एकदाही नाही, त्याऐवजी "म" आणि "रज". तासगावचं "त", "सग", "व". सांगलीचं "स" आणि "गल". ज्या गावाच्या नावात एकही काना, मात्रा, वेलांटी नाही तेवढंच शाबूत, आणि तेही "जतला" असं आलं की "जतल". मित्र म्हणाला, अरे हे काय विळीवर चिरलंस का.

तर हा अनुभव पायथन भाषेचा नाही, ती कशी आहे ते सगळ्यांना माहितीये. पायथनमध्ये काही चुकतंय असं वाटलं तर ते कळवायची आणि जमलं तर स्वतः दुरुस्त करायची जी व्यवस्था आहे, तिथे मी गेल्या जूनपासून पडीक आहे, त्याचा हा अनुभव. मी काही मोठा प्रोग्रॅमर नाही, दिवसा अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा सपोर्ट बघतो, हे सगळं रात्री जेवण झाल्यावर.

आधी तो भुगा का झाला ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पायथनच्या आरई मॉड्यूलमध्ये (मजकुरात नमुने शोधायचं साधन, त्या पद्धतीला रेगेक्स म्हणतात) "शब्दातलं अक्षर" शोधायला बॅकस्लॅश-डब्ल्यू वापरतात. त्याची व्याख्या अशी की जे अक्षर किंवा अंक आहे (म्हणजे पायथनमधली इझअल्नम नावाची तपासणी ज्याला हो म्हणते ते) आणि वर अंडरस्कोर. आता युनिकोडमध्ये (जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत) म हे अक्षर आहे, पण वेलांटी, काना, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह ही सगळी अक्षरं नाहीत, "मार्क" नावाच्या वेगळ्या गटात आहेत. म्हणून बॅकस्लॅश-डब्ल्यू म घेतो, वेलांटीपाशी थांबतो, मग रज घेतो. गंमत अशी की "मिरज"ला विचारलं तू इझअल्फा (म्हणजे निव्वळ अक्षरं) आहेस का तर उत्तर नाही, पण "मिरज" नावाचं व्हेरिएबल केलं तर पायथन मुकाट्याने घेतो, कारण व्हेरिएबलच्या नावाचे नियम वेगळे आहेत आणि त्यात मार्क चालतात. आणि अंकांच्या बाबतीत तर काही विचारू नका, पान क्रमांक देवनागरीत होते, "४१" तसाच इंटला (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) दिला तर सरळ आकडा मिळाला. म्हणजे आकड्यांना पंगत आणि वेलांटीला उंबऱ्याबाहेर.

मला वाटलं सापडला बग. जगातल्या कुणाच्याच लक्षात आलं नसणार असं वाटण्याएवढा उत्साह रात्री साडेबाराला येतो. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, सीपायथनच्या (पायथनचा मूळ प्रोग्रॅम) रेपॉझिटरीत गेलो, न्यू इश्यू (म्हणजे नवी तक्रार) दाबलं, फॉर्म बरा आहे, काय झालं ते लिहा, कुठल्या व्हर्जनवर करून पाहिलं ते टिका, कुठली ऑपरेटिंग सिस्टीम ते टिका. मी ३.१० टिकलं, लॅपटॉपवर उबंटू २२.०४ आहे आणि त्यात तेच येतं. आणि शोधायचं मात्र विसरलो. इश्यू टाकण्याआधी जुने इश्यू शोधा हे पहिलीच्या पुस्तकात असल्यासारखं सगळीकडे लिहिलेलं आहे, तरी विसरलो.

तो डुप्लिकेट म्हणून बंद झाला आणि खाली जुन्या इश्यूची लिंक आली. जुना म्हणजे किती जुना? २००७ सालचा. मी तेव्हा नववीत होतो. तेव्हा पायथन २.५ चालू होतं, ३.० यायचं होतं, आणि कुणीतरी हेच लिहून ठेवलेलं की रोमन सोडून बाकी लिप्यांमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यूचा काही उपयोग नाही, देवनागरी शब्दांचे तुकडे होतात. हा इश्यू तीन घरं फिरलाय. आधी सोर्सफोर्ज नावाच्या जुन्या साइटवर, तिथून त्याच वर्षी पायथनच्या स्वतःच्या ट्रॅकरवर, आणि एप्रिल २०२२ मध्ये तो ट्रॅकर गिटहबवर हलवला तेव्हा सगळ्या सामानासकट तिकडे. त्याच्या जुन्या सातआकडी नंबरवरून आता मला ओळखता येतं की हा सोर्सफोर्जच्या काळातला, नवे नंबर तेव्हा एवढे लांब नव्हते. जुन्या शेताच्या सातबाऱ्यासारखं आहे ते, मालक बदलले तरी जुना नंबर कागदावर राहतोच.

मी दोन रात्री ती सगळी चर्चा आणि तिला जोडलेल्या चर्चा वाचल्या. राग आला होता तो वाचता वाचता उतरला. युनिकोडवाल्यांची रेगेक्ससाठीची जी शिफारस आहे त्यात मार्क शब्दात धरावेत असंच आहे, म्हणजे आपली बाजू लंगडी नाही. पण बॅकस्लॅश-डब्ल्यू बदलला की त्याचा उलटा मोठा डब्ल्यू बदलतो, शब्दाची सीमा दाखवणारा बॅकस्लॅश-बी बदलतो, आणि जगभर ज्यांनी युजरनेम तपासायला, लॉग कापायला, फाईलची नावं साफ करायला हे वापरलंय त्या सगळ्यांचा प्रोग्रॅम एखाद्या सकाळी काहीही एरर न देता वेगळं वागायला लागेल. एरर आली तर माणूस बघतो तरी. आणि दुसरं म्हणजे रेगेक्स नावाचं वेगळं पॅकेज पिपने (पायथनची पॅकेजं उतरवायचं साधन) मिळतं, त्यात बॅकस्लॅश-डब्ल्यू मार्क धरतो आणि मिरज अख्खी येते. मी नुसती इम्पोर्टची ओळ बदलली आणि सूची सरळ झाली. म्हणजे छापखान्याचं काम तिथे संपलं होतं. तरी मी तिथेच राहिलो, कारण काहीतरी करायची खुमखुमी तशीच होती.

मग कुणीतरी जुन्या चर्चेत सुचवलेलं दिसलं की नव्या माणसाने आधी दुसऱ्यांचे बग तपासावेत. हे मी तीनेक महिने केलं आणि या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच. इश्यू उघडे हजारोंनी आहेत. एखादा घ्यायचा, त्यातला कोड चालू व्हर्जनवर आणि मेन ब्रँचवर (पुढच्या व्हर्जनचा कोड) चालवायचा, आणि होतंय किंवा होत नाही एवढं लिहायचं. निम्म्या वेळा कोड अडीचशे ओळींचा असतो, त्यात पांडाज नावाचं बाहेरचं पॅकेज असतं, कसलासा डेटाबेस असतो, आणि बग खरं तर पांडाजचा असतो, तो तिकडे न्यायला सांगायचं. उरलेल्यात कापत बसायचं. ही ओळ काढली तरी होतंय का, ही काढली तरी होतंय का, असं करत करत शेवटी सहा ओळी उरतात आणि त्या सहा ओळी टाकल्या की दोन वर्षं पडलेल्या इश्यूवर लोक बोलायला लागतात. गवार निवडण्यासारखं काम आहे, आई समोर टीव्ही बघत निवडते तसं मी लॅपटॉपवर निवडतो.

यासाठी पायथन स्वतः बिल्ड करावं लागतं, म्हणजे कोडपासून तयार करावं लागतं. लोक घाबरतात, मीही घाबरलो होतो, पण लिनक्सवर फार काही नाही, क्लोन करा, कॉन्फिगरला पायडीबग द्या, मेक म्हणा, चहा होईपर्यंत होतं. पहिल्यांदा शेवटी एक यादी येते की अमुक अमुक मॉड्यूल झाली नाहीत, बीझेड२, एलझेडएमए, टीकेइंटर वगैरे, ती चूक नसून त्यांच्या डेव्हलपमेंट लायब्ररी मशीनवर नसतात एवढंच. मी मात्र एक अख्खा रविवार घालवला त्यात. विंडोजवाल्यांना व्हिज्युअल स्टुडिओचे बिल्ड टूल्स लागतात, माझ्या भावाने प्रयत्न केला आणि डाउनलोडचा आकडा बघूनच सोडून दिला. आणि "आधी चालत होतं आता चालत नाही" प्रकारच्या बगसाठी गिट बायसेक्ट (बिघडवणारा बदल निम्मे निम्मे करत शोधायची कमांड) शिका, खरंच शिका, मधे पाच हजार कमिट, म्हणजे नोंदलेले बदल, असले तरी बारा-तेरा बिल्डमध्ये नेमका कमिट हातात येतो. मला पहिल्यांदा आला तेव्हा मी रात्री दोन वाजता बायकोला उठवून दाखवला. तिने काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

व्हर्जनचं एक लक्षात ठेवा, माझ्यासारखं ३.१० घेऊन जाऊ नका. दरवर्षी ऑक्टोबरात नवं येतं, त्याला दोनेक वर्षं बग दुरुस्त्या मिळतात आणि नंतर एकूण पाच वर्षं होईपर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. मी हे करत असतानाच ७ ऑक्टोबर २०२५ ला ३.१४ आलं, तेव्हापासून साधी दुरुस्ती जाते ती मेन, ३.१४ आणि ३.१३ मध्ये. ३.१० वर दिसलेला बग ३.१४ वर करून बघितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आता माझी स्वतःची दुरुस्ती. एवढीशी आहे, हसू नका. डॉक्युमेंटेशनमधलं एक उदाहरण प्रत्यक्षात चालवलं की खाली छापलेल्यापेक्षा वेगळं उत्तर येत होतं. दोन ओळींचा बदल. त्या दोन ओळींसाठी मी जे जे चुकलो ते सांगतो. लायसन्सचा करार सही करावा लागतो, बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) लिंक देतो, सोपंय, पण माझ्या कमिटवर ऑफिसचा ईमेल गेला होता आणि गिटहबवर घरचा, त्यामुळे बॉट म्हणे हा माणूस कोण. मग पीआरच्या (पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल घ्या अशी विनंती) नावात सुरुवातीला इश्यूचा नंबर हवा, तो नव्हता. मग मी मार्कडाउन या लिहायच्या खूणपद्धतीच्या सवयीने कोडला एकेरी बॅकटिक लावलेले, तिथे रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही दुसरी पद्धत चालते आणि तिच्यात दोन लागतात, स्फिंक्स-लिंट या तपासणाऱ्या साधनाने लाल खूण दिली. मग रिव्ह्यूत एका वाक्याचा बदल सुचवला गेला, मी तो केला आणि गप्प बसून राहिलो, मला वाटलं आपोआप कळेल. कळत नाही. बेडेवेअर नावाचा बॉट स्पष्ट सांगतो की बदल केल्यावर अमुक वाक्य लिहा म्हणजे मी पुन्हा रिव्ह्यू मागवतो, आणि खाली अशी धमकी की बदल केले नाहीत तर तुम्हाला मऊ उशांनी टोचण्यात येईल. ती धमकी मी तीनदा वाचली पण वरचं वाक्य नीट वाचलं नाही.

मर्ज झाल्यावर, म्हणजे बदल मेनमध्ये गेल्यावर, मिस इस्लिंग्टन नावाचा दुसरा बॉट आपोआप ३.१४ आणि ३.१३ साठी वेगळे पीआर काढतो. हे मला फार भारी वाटलं, माझे दोन ओळींचे बदल तीन ठिकाणी गेले आणि मी फक्त बघत होतो. ऑफिसात तीन ब्रँचमध्ये एक दुरुस्ती टाकायची म्हटलं की आमच्याकडे मीटिंग होते.

वेळेचं म्हणाल तर घाई असणाऱ्याने इकडे येऊ नये. त्यांच्या डेव्हलपर गाईडमध्येच आहे की महिनाभर कुणी काही बोललं नाही तर मग विनम्रपणे आठवण करा. बघणारे बहुतेक स्वतःच्या वेळात बघतात आणि रांग एवढी आहे की आषाढीची दर्शनबारी बरी. डॉक्युमेंटेशनचं त्यातल्या त्यात लवकर होतं, सी कोडला हात लावला की टेस्ट लिहा, न्यूजची (बदलांच्या यादीतली) नोंद ब्लर्ब नावाच्या साधनाने करा, मेमरी गळत नाही ना ते बघा, हे सगळं आलं. मी एकदा सीच्या फाईलमध्ये डोकावलो, रेफरन्स काउंट (मेमरीचा हिशोब) बघितले आणि हळूच दार लावून घेतलं.

दुसरा "बग" मात्र मी पाठवला नाही, आणि त्याचा मला पहिल्यापेक्षा जास्त अभिमान आहे. सूची सरळ झाल्यावर त्यात कऱ्हाड तीनदा आलं. तीनही दिसायला सारखे, पानं वेगळी. पुन्हा हात शिवशिवले. पण यावेळी आधी प्रत्येकाचे कॅरेक्टर सुटे करून पाहिले तर एकात ऱ हे एकच अक्षर, दुसऱ्यात र आणि खाली नुक्ता (टिंब), आणि तिसऱ्यात र, पाय मोडलेला आणि मधे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पुस्तक तिघांनी टाईप केलेलं, तिघांचे कीबोर्ड वेगळे. पहिले दोन पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझने (सारखी चिन्हं एका रूपात आणणारं फंक्शन) एक होतात, तिसरा होत नाही कारण युनिकोडच्या हिशोबाने तो सारखा नाहीच, तो मी हाताने बदलला. पायथनचा काही दोष नव्हता. जूनमधला मी असतो तर रात्री साडेबाराला इश्यू टाकला असता, आणि ३.१० टिकून टाकला असता.

इंग्रजीची भीती वाटणाऱ्यांसाठी एकच सांगतो, माझं इंग्रजी यथातथाच आहे आणि तिथे कुणाला त्याचं काही पडलेलं दिसलं नाही. सहा ओळींचा कोड, काय यायला हवं होतं, काय आलं, कुठल्या व्हर्जनवर. एवढं असलं की वाक्य मोडकं चालतं. उलट गोड इंग्रजीत तीन परिच्छेद आणि कोडच नाही असे रिपोर्ट तसेच पडलेले मी रोज बघतो.

तारे द्यायचेच तर पाचपैकी चार देईन. एक कापला तो रांगेचा. २००७ च्या इश्यूवर मी सबस्क्राईब करून ठेवलंय, कधीतरी मेल येतो की अजून कुणीतरी वेगळ्या लिपीतलं तसंच उदाहरण टाकलंय.

पुस्तक डिसेंबरात छापून झालं. सूचीत कऱ्हाड एकदाच आहे, मिरज एकेचाळीस पानांवर आणि जत फक्त सहा. पहिल्या दिवशीचा तो भुग्याचा प्रिंटआउट, ज्यात जत सगळ्यात वर होतं, मित्राने काउंटरच्या काचेखाली ठेवलाय, आणि गिऱ्हाईकाने विचारलं की हे काय, तर तो माझा फोन नंबर देतो.