दुकानात पोरगं चोरताना सापडलं: तक्रार की समज?
दादा, पालावरचं बारा वर्षांचं पोरगं बिस्किटपुडा खिशात घालताना सापडलं आणि तुम्ही अडकलात, पोलिसात द्यावं की आईबापाला बोलवून समज द्यावी. वेळ दोन्हीकडे जातो, तक्रारीत जास्त. पण शिक्क्याचं बघा ना, इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, त्यातल्या काही सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवल्या, १९५२ ला सुटका झाली तरी गावात चोरी झाली की संशय आधी पारध्यांवरच. तक्रारीने पोरगं घाबरेल खरं, पण 'चोर' ही हाक एकदा चिकटली की शाळा सुटते, काम कोणी देत नाही, मग उरतं काय? समज दिली तर वचक कमी, दोन-तीनदा मागे लागावं लागतं, पण नाव शाबूत राहतं. पहिलीच वेळ, भुकेपोटी केलंय, तर समजच द्या. हत्यार असेल किंवा मागे मोठी माणसं असतील तर तक्रार कराच, पण बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे, म्हणजे ठाण्यात पोरांची प्रकरणं बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे.