पद्मिनीला ‘नवीन डिस्क किट’ म्हणून भंगार बसवलं, ८६,२५० रुपये गेले

माझ्या पद्मिनी गाडीला पुढे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक लावून घेतले, त्याची ही गोष्ट. ब्लीडिंगचा निपल (ब्रेक फ्लुइडमधली हवा बाहेर काढायचं तोंड) कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, खालच्या अंगाला होता. गाडी ताब्यात घेताना पुढची दोन्ही चाकं उतरवलेली होती, निपल डोळ्यांसमोर होता, आणि मी विचारलंसुद्धा. उत्तर आलं, “साहेब, या किटचं डिझाइनच तसं आहे.” मी मान डोलावली आणि उरलेले २२,४०० रुपये रोख मोजून दिले.

हवा वर चढते. निपल खाली असेल तर बुडबुडा कॅलिपरच्या माथ्यावर अडकून बसतो, कितीही फ्लुइड ओता, बाहेर येत नाही. पेडल स्पंजासारखं लागतं, दोन-तीन पंप मारले की तात्पुरतं कडक होतं. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. राग त्याचाच जास्त येतो.

निपल खाली का गेला तेही सांगतो, कारण ही चूक सर्रास होते. हे कॅलिपर नवीन नव्हतेच, दुसऱ्या गाडीतून काढलेले होते, आणि तिच्यात ते ॲक्सलच्या मागच्या बाजूला बसत होते. इथे कॅलिपर धरणारं ब्रॅकेट पुढच्या बाजूला बनवलं. बाजू बदलली की डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावावा लागतो, तरच निपल वर येतो. ती अदलाबदल केलीच नव्हती.

गाडी १९८४ची प्रीमियर पद्मिनी, चारही चाकांना ड्रम. “मूळ गाडीला हात लावायचाच कशाला” असं ऐकवणारे आता बरेच भेटतात. त्यांनी चार माणसं बसवून खंबाटकी घाट उतरून दाखवावा. ड्रम तापला की फुगतो, त्याला आतून दाबणारा शू त्याच्यापासून लांब पडतो, शूवरचं लायनर गुळगुळीत होतं आणि पेडल खाली खाली जात राहतं. पुढे डिस्क लावायचा निर्णय चुकीचा नव्हता. आजही माझं तेच मत आहे.

कोटेशन ६२,४०० रुपयांचं होतं. नवीन डिस्क, कॅलिपर आणि पॅडची जोडी २४,६००, पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्युम बुस्टर १४,५००, पेडलचा दाब ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइनना देणारा टँडम मास्टर सिलिंडर ९,८००, ब्रॅकेट आणि हबचं लेथकाम ७,५००, मजुरी ६,०००. ४०,००० रुपये यूपीआयने आगाऊ दिले. पक्कं बिल मागितलं तर “जीएसटी वर लागेल”, मग वहीच्या पानावर लिहून मिळालं. पुढे पेडल कडक होईना म्हणून गाडी परत नेली, तेव्हा फ्लुइडचे १,२००, पुन्हा ब्लीडिंगचे १,८०० आणि ‘कार्बोरेटर ट्यूनिंग’चे ८५० असे आणखी ३,८५० घेतले. ते कार्बोरेटर प्रकरण खाली येतंच.

दुसऱ्या मिस्त्रीकडे १,८०० रुपये देऊन सगळं उघडलं.

कॅलिपरच्या चंदेरी रंगाखाली जुना काळा रंग आणि त्याखाली गंज. पिस्टनला धुळीपासून जपणारा रबरी डस्ट बूट फाटलेला, सिलिकॉनने चिकटवलेला. डाव्या पिस्टनवर गंजाचे खड्डे, तो मागे सरकतच नव्हता, म्हणून ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढायची. डिस्कच्या कडेला किमान जाडी ८ मिमी कोरलेली होती. व्हर्नियरने मोजली तर ७.४ भरली. म्हणजे संपलेली डिस्क लेथवर चकचकीत करून ‘नवीन’ म्हणून लावली. डायल गेजवर तिचं डोलणं ०.३५ मिमी आलं. हे ०.१च्या आत पाहिजे, नाहीतर पेडल पायाखाली धडधडतं.

मास्टर सिलिंडर टँडम होता, पण ड्रमवाल्या गाडीचा. ड्रमच्या सिलिंडरमध्ये रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवतो. ड्रममध्ये शूच्या स्प्रिंगा त्या दाबाला पुरून उरतात. डिस्कमध्ये स्प्रिंग नसते, पॅड डिस्कला घासत राहतात. सहा किलोमीटरवर रिमला हात लावता येत नव्हता. गाडी ताब्यात घेण्याआधी थोडी चालवा, मग पुढचं चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा. अडखळून थांबलं तर पैसे देऊ नका.

बुस्टरचा डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटका होता. तो तपासायला एक मिनिट पुरतं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारायचं, मग पाय दाबून धरायचा आणि इंजिन सुरू करायचं. पेडल पायाखाली जरा खाली सरकलं पाहिजे. माझ्या गाडीत जागचं हललं नाही. फाटक्या डायफ्रॅममधून इंजिनचा मॅनिफोल्ड जास्तीची हवा ओढत होता, म्हणून आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनचं चालणं) बिघडलं होतं. त्याच बिघाडाला कार्बोरेटर ठरवून ८५० रुपये काढले! डिस्कला ड्रमसारखी स्वतःहून घट्ट होण्याची ओढ नसते, त्यामुळे बुस्टर मेला की दुप्पट जोराने पाय मारूनही गाडी वेळेवर थांबत नाही.

आणि ब्रॅकेट. ड्रममागच्या बॅकप्लेटच्या मूळ भोकांवर बोल्टने बसणारं, १० ते १२ मिमी प्लेटमधून मशीन केलेलं ब्रॅकेट ठरलं होतं. निघाली ६ मिमी पट्टी, चाक ज्यावर फिरतं त्या स्टब ॲक्सलला थेट वेल्ड केलेली. स्टब ॲक्सल घडीव पोलादाचा असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचा भाग ठिसूळ होतो आणि पुढे तिथेच तडा जातो. घाटात तो तुटला असता तर हे लिहायला मी उरलो नसतो. ब्रॅकेटच्या जागी वेल्डिंगचा एक थेंबही दिसला तर गाडी तिथून उचला.

परत ड्रम लावायचं ठरवलं, तर माझे मूळ ड्रम गॅरेजवाल्याकडे नाहीत. “भंगारात गेले.” चांगले, जाडी शिल्लक असलेले पद्मिनीचे ड्रम कोण भंगारात टाकतो? दुसरी जोडी शोधून ११,५०० ला घेतली. शू, व्हील सिलिंडर किट, फ्लुइड आणि मजुरी ६,७००. हिशेब ८६,२५० वर गेला, आणि गाडी होती तिथेच आली.

पोलीस चौकीत पहिलं वाक्य ऐकलं, “हे दिवाणी आहे, कोर्टात जा.” जुना माल नवीन म्हणून विकणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणूक होते, हे छापील कागदावर नेऊन दाखवलं. कागद वाचलाच नाही. तीन चकरांनंतर साधा अर्ज घेतला, पोच मागितली तर “साहेब आले की शिक्का मिळेल”. साहेब दोन दिवसांनी आले, शिक्का नाही मिळाला. परिवहन कार्यालयात ब्रॅकेटचे फोटो दाखवले, तर खिडकीतला माणूस उलट मलाच म्हणाला, “मॉडिफिकेशन तुम्ही केलंत ना? मग कारवाई तुमच्यावर होईल.” मोटार वाहन कायद्याचं कलम १८२अ(४) मालकावर प्रत्येक बदलामागे ५,००० दंड ठेवतं, ते त्याला तोंडपाठ होतं. मेलेला ब्रेक लावून गाडी रस्त्यावर सोडणाऱ्याचं काय, तर “ते आमच्याकडे येत नाही”. मग कोणाकडे येतं? तीन खिडक्या फिरलो, एकानेही फोटो हातात घेतले नाहीत. नियम पाळायचे आम्ही, दंड भरायचा आम्ही, आणि फसवणाऱ्याचं शटर रोज नऊला वर!

चौकीत अडलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, शहर असेल तर उपायुक्तांना. जिल्हा ग्राहक आयोगात मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची. पण पक्कं बिल नसेल तर सगळा भार यूपीआयच्या नोंदीवर आणि फोटोंवर येतो, म्हणून रोख देऊ नका. काढलेले भाग परत त्याच गॅरेजला देऊ नका, तपासणीला तेच लागतात. माझे कॅलिपर आणि डिस्क गोणीत बांधून घरी ठेवले आहेत.

फ्लुइड डॉट ३ किंवा डॉट ४ चालेल, पण सिलिकॉनचं डॉट ५ त्यात कधीही मिसळू नका. ब्रेकच्या नळ्या तांब्याच्या लावल्या असतील तर बदलून घ्या, कंपनांनी त्या कडक होऊन चिरतात. ब्रेकचा रबरी होज लावल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून बघा, टायरला घासतो का.

माझ्या ड्रमना ओळखायची खूण आहे. बाहेरच्या तोंडावर बोल्टच्या भोकाशेजारी पंचने मारलेले ठिपके, उजव्याला एक, डाव्याला दोन. अशी जोडी कोणी विकायला आणली तर घेण्याआधी त्याला विचारा, कोणत्या गाडीची.