तांब्याचा पत्रा की तांब्याचे कॉम्प्लेक्स?

सातारा-सांगली पट्ट्यातील साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबताना बराचसा शुद्ध कार्बन डायऑक्साइड सुटतो; समीकरणाच्या हिशेबाने ४६ किलो इथेनॉलमागे ४४ किलो. या वायूचे विद्युत-रासायनिक क्षपण (वीज देऊन त्याला इलेक्ट्रॉन पुरवणे आणि मिथेनसारखी रसायने बनवणे) हा विषय एमएस्सीच्या प्रकल्पासाठी घेणाऱ्या येथील विद्यार्थ्याला आधी उत्प्रेरक ठरवावा लागतो: धातुरूप तांबे की तांब्याचे कॉम्प्लेक्स, म्हणजे तांब्याच्या अणूभोवती इतर रेणू बांधलेले संयुग?

धातुरूप तांब्याची बाजू भक्कम आहे. योशिओ होरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली तांब्याच्या इलेक्ट्रोडवर मिथेन मिळतो हे दाखवले. पृष्ठभागावर तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड तांबे फार सैलही धरत नाही आणि फार घट्टही नाही, म्हणून अभिक्रिया पुढे मिथेन-इथिलीनपर्यंत जाते. मात्र एकाच वेळी अनेक उत्पादिते मिळतात, शिवाय हायड्रोजनही निघतो.

कॉम्प्लेक्सचे आकर्षण असे की प्रत्येक रेणूत तांब्याच्या अणूभोवतीची रचना सारखी असते आणि ती हवी तशी बदलता येते. कॉपर थॅलोसायनिन तर छपाईच्या शाईतले निळे रंगद्रव्यच असल्याने स्वस्तात मिळते. परंतु २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की क्षपणासाठी दिलेल्या विभवाला (विद्युत दाबाला) त्यातील तांबे सुटून सुमारे २ नॅनोमीटरचे धातूचे पुंजके बनतात, सुमारे ६६ टक्के फॅरेडे कार्यक्षमतेने (दिलेल्या विजेपैकी त्या उत्पादितासाठी लागलेला वाटा) मिळणारा मिथेन त्या पुंजक्यांवर तयार होतो, आणि विभव काढून घेतल्यावर मूळ रेणू पुन्हा जुळतो. म्हणजे प्रयोगानंतर घेतलेला वर्णपट रेणू शाबूत असल्याचे सांगेल आणि निष्कर्ष मात्र चुकेल. खरी तपासणी प्रयोग चालू असतानाच, क्ष-किरण शोषणाने करावी लागते आणि त्यासाठी इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनसारखी (तीव्र क्ष-किरण देणारी) सुविधा लागते. सगळीच कॉम्प्लेक्स अशी मोडतात असे नाही: नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधक गटाने २०१० मध्ये दोन तांबे-अणूंच्या कॉम्प्लेक्सने हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सॅलेट बनवले, पण सात तासांत उत्प्रेरकाची आवर्तने (पुन्हा पुन्हा वापराचे फेरे) जेमतेम सहा झाली.

माझ्या मते मिथेन किंवा इथिलीन हवे असेल तर पत्राच घ्यावा. कॉम्प्लेक्स निवडले तरी तुलनेसाठी तो लागतोच. रेणूची रचना आणि उत्पादित यांचा संबंध अभ्यासायचा असेल, तर कोबाल्ट थॅलोसायनिन अधिक भरवशाचे आहे. त्यापासून मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड मिळतो. डिस्टिलरीचा वायू वापरताना मात्र त्यातील गंधकयुक्त अंश आधी काढावेत, कारण तांब्यावर गंधक बसले की उत्पादन फॉर्मेटकडे (फॉर्मिक आम्लाच्या क्षाराकडे) झुकते.